चाक बाहेर ढकलून ब्रेक सुधारत नाही

‘ड्रम काढा, पुढे मोठी डिस्क बसवा. कॅलिपर चाकाला अडला तर मध्ये स्पेसर टाका, काम झालं.’ जुनी फियाट, अँबॅसडर किंवा जीप हौसेने सांभाळणाऱ्यांना हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. तो देणाराही तपासत नाही आणि घेणाराही. जालना जिल्ह्यात त्याला समृद्धी महामार्गाने आणखी जोर आणला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि सपाटीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला रस्ता जालन्याच्या दाराशी आला. ज्या फियाटने उभं आयुष्य अंबड, भोकरदन आणि फार तर औरंगाबाद केलं, तिचा मालक आता ‘नागपूरला हीच घेऊन जाऊ’ म्हणतो. त्याला ब्रेकची काळजी वाटते, ती अगदी रास्त आहे. त्यावर सांगितला जाणारा उपाय मात्र चुकीचा आहे. तो ब्रेक सुधारण्याच्या नावाखाली गाडीचं ब्रेक मारतानाचं वागणंच बिघडवतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण त्यात दम आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून बाहेर पडलेल्या या गाडीला चारही चाकांना ड्रम. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. चार माणसं बसलेली फियाट १२०० किलोची धरली, तर ताशी ६० ला तिच्यात सुमारे १६७ किलोज्यूल ऊर्जा असते आणि १२० ला ६६७. ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये जिरवायची. ड्रम बंदिस्त असतो, तापला की फुगतो, शूपासून दूर जातो आणि पॅडल खाली जातं. डिस्क उघडी असते, लवकर थंड होते, पाण्यातून गेल्यावर लवकर सावरते. तेव्हा डिस्क चांगली, मोठी डिस्क आणखी चांगली. राहिला स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती. तर पोर्शसारखी कंपनीसुद्धा आपल्या काही गाड्यांना कारखान्यातूनच स्पेसर देते, आणि जर्मनीत तपासून मंजूर केलेले स्पेसर राजरोस विकले जातात. मग जालन्यातच तो पाप कसा?

पहिला मुद्दा उष्णतेचा. १९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर बाजी मारली, तेव्हापासून डिस्कचं श्रेष्ठत्व सिद्ध झालेलं आहे. पण ते नेमकं कशात सिद्ध झालं, हे सांगायचं राहून जातं. लांब सरळ पट्ट्यावर गाडी पळवायची, टोकाच्या वळणाला वेग पाडायचा, पुन्हा पळवायची, पुन्हा पाडायचा, असं दिवसरात्र. तिथे ब्रेकला थंड व्हायला उसंत नव्हती आणि डिस्क तिथे जिंकली. समृद्धीवर अशी वेळ येत नाही. तिथे दोन्ही बाजूंना कुंपण आहे, चौक नाहीत, सिग्नल नाहीत. येते ती एकदाच जोरात थांबण्याची वेळ.

त्या एका थांबण्याचा हिशेब करून पाहू. ६६७ किलोज्यूलपैकी पुढच्या दोन ड्रमच्या वाट्याला ६५ टक्के, म्हणजे सुमारे ४३० किलोज्यूल येतात असं धरू. ड्रम पाच-पाच किलोचे धरू. बिडाच्या दहा किलोंना एवढी उष्णता दिली, तर तापमान साधारण ९५ अंशांनी वाढतं. घासणारा पृष्ठभाग क्षणभर याहून बराच तापतो, हे खरं. तरीही धड असलेला ड्रम एका थांबण्यात हार मानण्याइतका तापत नाही. आणि अंतराचं म्हणाल, तर ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो. तुमच्या ड्रमने चाक रस्त्यावर घासतं, जाम होतं, तर टायरची मर्यादा आधीच गाठली गेली आहे. त्यानंतर डिस्क कितीही मोठी लावा, थांबण्याचं अंतर एका मीटरनेही कमी होणार नाही. या गाड्यांना कारखान्यातून ५.२० रुंदीचा, चौदा इंची, आजच्या मानाने काठीसारखा बारीक टायर येत असे. चांगल्या डांबरावर, चांगल्या टायरने, ताशी १२० वरून थांबायला चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरून एकशेदहा-पंधरा मीटर लागतातच. ६० ला तेच पस्तीस-चाळीस मीटरांत भागतं. डिस्कसाठी पैसे बाजूला काढणाऱ्याने आधी आपल्या टायरवरचं उत्पादनाचं वर्ष वाचावं.

आता स्पेसरच्या जागेच्या दाव्याकडे येतो. मोठा कॅलिपर चाकाला दोन ठिकाणी अडतो. एक, चाकाच्या तबकडीला किंवा आऱ्यांना, म्हणजे बाहेरच्या अंगाला. दोन, रिमच्या गोलाईला, म्हणजे वरच्या अंगाला. स्पेसर चाक बाहेर सरकवतो, म्हणून तो पहिल्या अडचणीला उत्तर देतो. रिमचा घेर मात्र स्पेसरने वाढत नाही. चौदा इंची रिममध्ये कॅलिपरची पाठ वर घासत असेल, तर वीस मिलिमीटरचा स्पेसर टाकूनही ती बहुधा घासतच राहते. हे घरच्या घरी कळण्यासारखं आहे. कॅलिपरच्या पाठीवर आणि बाहेरच्या तोंडावर घट्ट कणकेच्या चार गोळ्या चिकटवायच्या, चाक चढवून दोन नट हाताने लावायचे, चाक हळूच एक फेरी फिरवायचं आणि उतरवायचं. कणीक कुठे किती दबली, हे सुरीने कापून मोजलं की अडचण कोणती हे दिसतं. तीन मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर जागा नाही असंच समजावं, कारण तापल्यावर लोखंड वाढतं, बेअरिंगला थोडी ढील असते, आणि रिमच्या आत बॅलन्सिंगची वजनंही बसतात. ही पाच मिनिटांची तपासणी न करता थेट लेथवर स्पेसर कापायला टाकणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

स्पेसरच्या जाडीतच खरी गोम आहे. चाक बोल्टवर टांगलेलं असतं, अशी समजूत सार्वत्रिक आहे, आणि ती चुकीची आहे. बारा मिलिमीटरचा बोल्ट नव्वद-शंभर न्यूटन-मीटरने आवळला, की तो चाकाला हबवर साधारण चार टनांच्या जोराने दाबून धरतो. चार बोल्ट म्हणजे सोळा टन. या दाबामुळे दोन तोंडांमध्ये जे घर्षण होतं, त्यावर चाक टिकतं आणि ब्रेकचा सगळा जोर त्याच घर्षणातून जातो. मध्ये स्पेसर आला की एका सांध्याचे दोन होतात. त्यांतल्या एकाही तोंडावर रंग, गंज किंवा लेथवरून उतरताना राहिलेली चिरी असेल, तर ती काही किलोमीटरांत दबते, बोल्टचा ताण जातो, आणि मग बोल्टवर ज्यासाठी तो बनलेलाच नाही असा आडवा मार बसू लागतो. बोल्ट तुटतात ते असे.

तीन ते पाच मिलिमीटरची चकती असेल, आणि तरीही नटाला बोल्टच्या जाडीइतके, म्हणजे बारा मिलिमीटर आटे मिळत असतील, तर ती चालून जाते. दीड मिलिमीटरच्या पिचला हे आठ फेरे होतात. मोजायला सोपं आहे, नट हाताने फिरवायचा आणि फेरे मोजायचे. दुसऱ्या टोकाला वीस-पंचवीस मिलिमीटरचा स्पेसर असतो. तो स्वतःच्या नटांनी हबला आवळला जातो आणि त्याच्या अंगात चाकासाठी वेगळे बोल्ट असतात. पण कॅलिपरच्या अडचणीत बहुतेकांना लागतो तो दहा-बारा-पंधराचा, आणि हीच सर्वांत वाईट जाडी. मूळ बोल्टला आटे पुरत नाहीत आणि स्वतःचे नट पोटात घ्यायला लोखंड पुरत नाही. अशा वेळी कुणी लांब बोल्ट ठोकून बसवतो, कुणी नटाचं तोंड घासतो, कुणी पाच फेऱ्यांवर भागवतो. यांतलं शेवटचं करणाऱ्याला मी त्या गाडीत मुलंबाळं बसवू नका, एवढंच सांगेन.

मग पोर्शचं काय? पोर्शच्या स्पेसरबरोबर त्याच्यासाठीचे लांब बोल्ट येतात, मधलं भोक त्या हबच्या मापाने कातलेलं असतं, आणि त्या गाडीचं बेअरिंग, स्टिअरिंगची बैठक, चाकाची रुंदी हे सारं तेवढी जाडी गृहीत धरून तपासलेलं असतं. ‘पोर्श देते’ हे उदाहरण म्हणून नेमकं माझ्या बाजूचं आहे. तिथे स्पेसर गाडीसोबत आखला जातो. आपल्याकडे तो फसलेल्या जोडणीतून सुटण्यासाठी नंतर घुसडला जातो.

आता ज्या कारणासाठी मी हा लेख लिहितो आहे ते. पुढच्या चाकाचं वळणं ज्या अक्षाभोवती होतं, त्या किंगपिनची रेषा जमिनीला जिथे टेकते आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्या दोहोंत काही अंतर असतं. जुन्या गाड्यांत ते मुळातच बरंच असतं. पंचवीस मिलिमीटरचा स्पेसर हे अंतर सरळ पंचवीसने वाढवतो. दोन्ही चाकं सारखीच धरत असतील तर डावीउजवीकडची ओढ एकमेकींना खोडते. ती सारखी धरत नाहीत तेव्हा, जास्त धरणारं चाक स्टिअरिंग आपल्या बाजूला खेचतं, आणि खेचण्याचा जोर या अंतराच्या पटीत वाढतो.

जालन्याच्या रस्त्यावर हे केव्हा होतं, ते या भागात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. समृद्धी सोडून आपण घनसावंगीकडे, जाफराबादकडे, मंठ्याकडे वळतो. डांबर अरुंद. समोरून सळयांनी भरलेला ट्रक येतो, किंवा उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, ज्याला मागे लाल दिवा नाही. डावी चाकं साइडपट्टीवर उतरवावी लागतात. डावीकडे सैल मुरूम, उजवीकडे डांबर, आणि त्याच क्षणी ब्रेक. उजवं चाक धरतं, डावं घसरतं. गाडी मुळात उजवीकडे, म्हणजे समोरच्या ट्रककडे ओढ घेते. जुन्या गाडीत पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. ती ओढ चालकाने मनगटाने पेलायची. मोठ्या डिस्कने उजव्या चाकाची पकड वाढवलेली आणि स्पेसरने तिचा तरफदांडा वाढवलेला, अशी दुहेरी भर या वेळी त्याच्या हातावर येते. पावसाळ्यात मुरमाच्या जागी काळ्या मातीचा चिखल असतो, तेव्हा डावं चाक जवळजवळ काहीच धरत नाही. सुरक्षिततेसाठी केलेला बदल याच घडीला उलटतो, आणि आपल्या जिल्ह्यात ही घडी रोजची आहे.

बेअरिंगचंही थोडक्यात सांगतो. एका पुढच्या चाकावर तीनशे किलो भार असेल, तर पंचवीस मिलिमीटर सरकल्याने हबवर कायमचा सुमारे ७५ न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर वाढतो. खड्ड्यात तो काही पट होतो. त्यात मडगार्डच्या बाहेर आलेला टायर दारावर चिखल आणि खडी उडवत राहतो, ते वेगळंच.

‘पण बाहेर निघालेली रुंद चाकं लावली तरी हेच होतं ना?’ असं कुणी विचारेल. होय, भूमितीपुरतं अगदी हेच होतं, आणि म्हणून तीही लावू नयेत. स्पेसरमध्ये त्यावर एक जास्तीचा सांधा येतो, एवढाच फरक.

मात्र उलट्या टोकाला जाऊन ‘स्पेसर म्हणजे मरण’ म्हणणाऱ्यांशीही माझं जुळत नाही. नीट कातलेली, मधल्या भोकावर घट्ट बसणारी चार मिलिमीटरची चकती घालून चाललेली गाडी धोकादायक नसते. माझा विरोध चकतीला नाही. ब्रेक आधी विकत घ्यायचा आणि त्यासाठी चाकाला जागा सोडायला लावायची, या उलट्या क्रमाला आहे.

कायद्याचं बोलायला कुणाला आवडत नाही, पण बोलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणीच्या वेळी उत्पादकाने दिलेल्या तपशिलाहून वेगळा फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र यांच्या प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच चकतीवर विचारील. शिवाय जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी ती मूळ रूपात असावी लागते. नियमात चासी, बॉडी आणि इंजिनाचा नावानिशी उल्लेख आहे, ब्रेकचा नाही. पण मूळ ड्रम भंगारात घालून स्टब अ‍ॅक्सल कापलेल्या गाडीला मूळ रूपातली म्हणवून घेणं जड जाईल. १९७४-७५ ची पद्मिनी आता या वयात आली आहे. तिच्यावर हत्यार चालवण्याआधी मालकाने हे ध्यानात घ्यावं.

आता काय करावं ते. पहिलं काम, असलेले ड्रम कारखान्याने दिले होते तसे करणं. ‘ड्रम ब्रेक लागत नाहीत’ म्हणणाऱ्या दहातल्या नऊ गाड्यांचे ड्रम उघडून पाहिले तर आत वेगळीच कहाणी असते. व्हील सिलिंडर पाझरून लायनर तेलकट झालेले, ड्रम अंडाकृती, एका बाजूचा अ‍ॅडजस्टर जाम. ड्रम लेथवर टर्न करून घ्यावा, पण किती लोखंड उरलं ते मोजूनच. पातळ झालेला ड्रम लवकर तापतो आणि जास्त फुगतो, तो बदलायचाच. नवीन लायनर लावलेला शू ड्रमच्या गोलाईला जुळवून घासून घ्यावा लागतो, आणि नेमकं हेच केलं जात नाही. शूवर खडू फासून ड्रममध्ये फिरवला की खडू कुठे पुसला गेला ते दिसतं. फक्त मधोमध पुसला गेला असेल, तर तुमचा अर्धा ब्रेक कामच करत नाही. तो टोकापासून टोकापर्यंत सारखा पुसला जाईपर्यंत घासत राहायचं. एवढं केलेल्या फियाटचा मालक डिस्कचं नाव काढायचं विसरतो. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्या. त्यांतल्या बहुतेकींनी सगळी हयात ड्रमवरच काढली.

ब्रेक ऑइलकडे तर कुणी बघतच नाही. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ही हमी १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच चाळिशी ओलांडलेली असते. उकळलेल्या ऑइलची वाफ दबते आणि पॅडल जमिनीला लागतं. लोक म्हणतात ड्रम फेल झाला. दोन वर्षांनी ऑइल बदलणं हा सर्वांत स्वस्त ब्रेकसुधार आहे.

यानंतर ज्या एका बदलासाठी मी मूळपणाचा आग्रहही सोडीन, तो म्हणजे दुहेरी सर्किट. जुन्या जीपला, या पिढीतल्या कितीतरी गाड्यांना, एकच मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांना एकच नळी. एक रबरी होज फुटला की चारही ब्रेक एका क्षणात गेले. अमेरिकेने १९६८ पासून कारला दुहेरी सर्किट सक्तीचं केलं ते याचसाठी. पुढच्या चाकांची नळी वेगळी आणि मागच्यांची वेगळी करणारा दोन खणांचा मास्टर सिलिंडर बसवला, तर एक फुटूनही गाडी थांबते. याला स्पेसर लागत नाही, चाक हलत नाही, दिसण्यात फरक पडत नाही. मोठी डिस्क बसवून मास्टर सिलिंडर जुना एकेरी ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या मालकांनी पैसे खर्चले, आणि जीव घेणारा दोष तसाच ठेवला.

तरीही डिस्क हवीच असेल, तर ती मूळ चाकात मावेल तेवढीच घ्यावी. अँबॅसडरच्या शेवटच्या काळातल्या काही गाड्यांना कारखान्यातूनच पुढे डिस्क मिळाली होती. तसा त्याच घराण्यातला पूर्ण जोड मिळाला तर हब, डिस्क, कॅलिपर सगळं एकमेकांच्या मापाचं असतं. नाहीतर लहान कॅलिपर घेऊन तो आतल्या अंगाला बसवणारा ब्रॅकेट करून घ्यावा. ड्रममध्ये फिरणारं चाक शूला स्वतःच आत खेचून मदत करतं, डिस्कमध्ये ती मदत नसते, म्हणून बूस्टर लागतो. ड्रमच्या मास्टरमध्ये नळीत थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्क सुटत नाही, रांगत राहते आणि तापते. पुढचा जोर वाढला की मागच्याशी त्याचं प्रमाण पुन्हा जुळवावं लागतं. एवढं सगळं करायची तयारी नसेल, तर डिस्कला हात लावू नये.

आणि एवढं करूनही कणकेची गोळी सांगत असेल की तीन-चार मिलिमीटर कमी पडतात, तर तेव्हा खुशाल चकती घाला. जालन्यात लोखंडाला तोटा नाही आणि लेथवर हात बसलेल्या माणसांनाही नाही. इथले कारागीर रोलिंग मिलचे रोल कातून देतात, एक चकती त्यांना अवघड नाही. त्यांना फक्त ‘चार मिलिमीटरची रिंग दे’ असं सांगून चालत नाही. कागदावर माप द्यावं. हबचं मधलं भोक किती, दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर हवीत, फरक पाच शतांश मिलिमीटरच्या आत, कडेला चिरी नको, तोंडावर रंग नको. बसवण्याआधी हबचं तोंड तारेच्या ब्रशने उघडं करावं. नट टॉर्क रेंचने तिरपे-तिरपे आवळावेत, पन्नास किलोमीटरवर पुन्हा तपासावेत, आणि दर सर्व्हिसिंगला चकती काढून बघावी.

खर्चाचा आक्षेप येईल म्हणून सांगतो. लायनर, ड्रम टर्निंग, रबर किट, होज, ऑइल आणि दोन खणांचा मास्टर सिलिंडर हे सगळं मिळून डिस्कच्या पूर्ण जोडापेक्षा कमी पैशांत होतं. उरलेले पैसे चार नव्या टायरना घालावेत. मग पहाटे मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही हे पाहून, ताशी ६० वरून लागोपाठ आठ-दहा वेळा जोरात थांबून पाहावं, स्टिअरिंग हलक्या हाताने धरून. गाडी कुठल्या बाजूला ओढते का, शेवटच्या थांबण्याला पॅडल पहिल्याइतकंच वर आहे का, कुठला ड्रम इतरांपेक्षा जास्त तापला आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील, तर तीच गाडी घेऊन, डावी लेन धरून, ताशी ऐंशीने नागपूरला जावं.